एक लिहिलं की पुसतं

अनाथ हा शब्द टिओ पो सुआनला आई गेल्यावरसुद्धा कुणी लावला नव्हता. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण अनाथ म्हणतं? पण तिनं लिहिलेल्या ड्रायव्हरला मात्र तो रीतसर लागला. तोही चारचौघांत, जगजाहीर, आणि तिला न विचारता.

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम कितीही मोठी कारभारीण असली तरी तिला दर चिपची बोली कुठून येणार? म्हणून एकेका चिपशी बोलायला एकेक दुभाष्या ठेवलेला असतो, तो ड्रायव्हर. जगभरातले हजारो लोक मिळून जी एक सिस्टीम सगळ्यांसाठी खुली लिहितात, तिच्यात असे दुभाषे ढिगानं पडलेत. प्रत्येकापुढे त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव असतं. सांभाळणारा मेला, कंटाळला किंवा पत्रांना उत्तरं देईनासा झाला, की ते नाव खोडून तिथं एकच शब्द टाकतात, अनाथ. ही त्यांची रीत. लिहिणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. आपण कुणाच्या लेकराबद्दल बोलतोय हे त्याला ठाऊकही नसतं.

पो सुआननं पत्रांना उत्तरं देणं थांबवलं होतं हे खरं. तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती, आणि आईची कूस बदलताना माणूस पत्रं बघत नाही. त्याआधीच बायान लेपासमधली तिची कंपनी बसली होती. आपल्या बेटावर बाहेरच्यांच्या चिपा जोडून, तपासून, खोक्यात भरून देणारे कारखाने पैशाला पासरी. स्वतःच्या डोक्यातली चिप करायला निघालेलं ते एकच वेडं दुकान होतं. मोठ्या कारखान्यांच्या मधे, पुठ्ठ्याच्या गोदामाला लागून, एक पत्र्याची शेड. चिप नखाएवढी. भिंतीवर लावलेल्या संवेदकांकडून वायूचा अंदाज घ्यायचा आणि प्रमाण वाढलं की ओरडायचं, एवढंच तिचं काम. पो सुआन तिथं तरुणपणी लागली आणि शेडचं कुलूप लावायलाही तीच होती. मालक पैसे बुडवून कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. यंत्रं वजनावर गेली. चिप राहिली, कारण ती ज्या पेट्यांत बसली होती त्या पेट्या लोकांच्या भिंतींवर होत्या.

त्यानंतर ती सुंगाई आराच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहिली, आणि मग आईशिवाय. घरूनच तैवानच्या कुणाकुणाची फुटकळ कामं करायची. दुपारी खाली उतरून भात, दोन भाज्या आणि माशाचा तुकडा घ्यायची. ताटं वाढणारी गेक आंटी पहिल्या पहिल्यांदा खोचकपणे म्हणायची, "कॉम्प्युटरशीच लग्न लाव एकदाचं, आम्हाला जेवण तरी मिळेल." पुढं पुढं तेही थांबलं. गेक आंटी तिला बघितली की न विचारता ताट वाढायची आणि ताट ठेवून वळायची. टोमणासुद्धा बंद होणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल. भाऊ पर्थला. नव्या वर्षाला बायकापोरांचा फोटो पाठवायचा. चेंग बेंगला, पितरांच्या सणाला, आईबापाची थडगी झाडायला ती एकटीच झाडू घेऊन डोंगर चढायची. शेजारच्या थडग्यापाशी आलेली भरली घरं तिला बघून वाटेतल्या पिशव्या बाजूला सारायची, तेवढाच काय तो संवाद.

अशात एका सकाळी ते पत्र आलं. ब्रनो गावच्या यीर्झी नावाच्या माणसाचं. त्या सिस्टीमचा एक आख्खा विभाग तो राखतो. पत्र सगळ्यांना उद्देशून होतं. ड्रायव्हरच्या माथ्यावर तिचं जुनं नाव होतं म्हणून तिलाही एक प्रत. लिहिलं होतं की हा ड्रायव्हर अनाथ आहे, चिप करणारी कंपनी राहिली नाही, वापरणारा कुणी दिसत नाही, तर कुणाची हरकत नसेल तर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतो.

पो सुआनचं डोकं फिरलं. तिनं चहासुद्धा न घेता उत्तर ठोकलं. तुम्हाला दिसत नाही म्हणजे नाही, हे कुणी ठरवलं? बर्फाच्या कारखान्यातला माणूस तुमच्या यादीवर पत्रं लिहीत बसतो असं वाटतं का तुम्हाला?

बर्फाचा कारखाना तिनं उगाच लिहिला नव्हता. त्या पेट्या तिकडेच खपल्या होत्या. मासेमारीच्या होड्यांना बर्फ लागतो, बर्फाला अमोनिया लागतो, आणि अमोनिया नळीतून सुटला तर डोळे जातात, छाती जळते. पेटी भिंतीवर बसून हवा हुंगते आणि दिवा लावते. ड्रायव्हर काढला तर आज काही होणार नव्हतं. पण पुढं कधी कुणी पेटीतली सिस्टीम बदलेल त्या दिवशी पेटी चालू दिसेल आणि तिला ऐकू काहीच येणार नाही.

यीर्झीनं भांडण उकरलं नाही. अगदी सभ्यपणे लिहिलं, आणि ते तिला जास्त लागलं. कुणी वापरत असेल तर आनंदच आहे, तो म्हणाला. ज्याच्याकडे प्रत्यक्ष पेटी आहे अशा एखाद्यानं आत्ताच्या आवृत्तीवर ड्रायव्हर चालवून बघावा आणि आपलं नाव द्यावं. मग राहू दे.

ही त्यांची दुसरी रीत. बदलाखाली एक ओळ असते, 'तपासलं', आणि पुढं माणसाचं नाव आणि पत्ता. लिहिणाऱ्यानं स्वतःच स्वतःची साक्ष काढलेली चालत नाही. दुसरं माणूस लागतं.

दुसरं माणूस. पो सुआनच्या घरात वीज होती, पाणी होतं, तीन कॉम्प्युटर होते.

ती मोपेड काढून निघाली. बातू माउंगच्या कारखान्यात पेटी होती तिथं आता चौकोनी डाग होता. दुसऱ्या ठिकाणी कारखान्याचं गेस्टहाऊस झालं होतं. गेर्ताक सांगुलला एकानं पेटी ओळखली, म्हणाला हो हो, पोरांनी भंगारात दिली. तेलुक कुंबारला जेट्टीच्या अलीकडे एक जुना कारखाना अजून चालत होता, खॉर नावाच्या तावकेचा. तावके म्हणजे शेठ. शेठ बनियनवर बसून पायाचे तळवे खाजवत होता. ती म्हणाली, तुमच्या पेटीतल्या ड्रायव्हरसाठी आलेय.

"ड्रायव्हर मलाच पाहिजे," तावके म्हणाला. "लॉरीचं लायसन आहे का?"

तिनं समजावलं. त्यानं ऐकलं नाही, पण बाई पैसे मागत नाही एवढं त्याला कळलं. आत बोट दाखवलं. म्हणाला, अलीला विचार, यंत्राजवळ अली असतो.

अली माशाच्या उलट्या क्रेटवर बसून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत होता. तिशीचा असेल. मानेपासून कानामागं कातडी गुलाबी आणि चकचकीत, भाजलेली असते तशी. आराकानातून पळून आलेल्या माणसांपैकी. आपल्याकडे बर्फ फोडायला, मासे साफ करायला, सिमेंट कालवायला तीच माणसं लागतात आणि तीच माणसं नको असतात. त्याच्या डोक्यावर दाराच्या चौकटीत पेटी होती, धुळीनं काळी, पण चालू.

पो सुआनला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तिनं रुमालानं पेटीवरचं नाव पुसलं.

"ही अर्धी बहिरी आहे, आची," अली मागून म्हणाला. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. बाजारात सगळेच म्हणतात, पण तिच्या कानाला ते कितीतरी दिवसांनी लागलं.

तिनं विचारलं, बहिरी म्हणजे काय. तो म्हणाला, पेटीला दोन दिवे आहेत, डावा कॉम्प्रेसरपाशी वास आला की लागायचा, उजवा मागच्या टाकीपाशी. एकेकटे लागतात. पण दोन्हीकडे एकदम सुटलं की डावा तेवढा लागतो. गेल्या पावसाळ्यात तसं झालं. डावा लागला म्हणून तो मागच्या दारानं पळाला. मागं दुसरी नळी फुटलेली होती. त्यानं मानेकडे हातसुद्धा नेला नाही, नुसतं सांगितलं. तावकेला म्हणालो, तर तावके म्हणाला, पळायला एक दिवा पुरतो.

पो सुआन म्हणाली, असं होऊच शकत नाही. चिप दोन्ही वेगवेगळं बघते, मी स्वतः लिहिलंय.

"मग तुम्हीच पळून बघा एकदा," अली म्हणाला.

राग आला तिला, आणि तो घेऊनच ती जेट्टीवरच्या कॉफीच्या टपरीवर येऊन बसली. लॅपटॉप उघडला आणि ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आपणच लिहिलेलं इतक्या वर्षांनी वाचणं म्हणजे विकलेल्या घरात पाहुणा म्हणून जाणं. भिंती ओळखीच्या, पण कुणीतरी कपाट हलवलेलं.

कपाट कुणी हलवलं ते सापडलं. ते समजायला चिपच्या पोटात जरा डोकवावं लागेल.

चिपच्या पोटात रजिस्टरं असतात. रजिस्टर म्हणजे हजेरीची वही नव्हे. छोटे छोटे कप्पे, प्रत्येकाला पत्ता. कशात चिपची मांडणी ठरते, कशात तिची हालहवाल कळते. ड्रायव्हरला तिथं थेट शिरता येत नाही. तो सिस्टीमकडे जातो आणि म्हणतो, अमक्या पत्त्यापासून पुढची एवढी जागा मला दे. दुसऱ्या कुणी ती घेतलेली नसली तर सिस्टीम त्याला एक खिडकी उघडून देते. त्या खिडकीतून हात घालून तो कप्पे वाचतो, कप्प्यांत लिहितो. वरून बघणाऱ्याला हे साध्या मेमरीसारखंच वाटतं, आणि नवखा तिथंच फसतो. मेमरी ही पिशवी आहे, टाकाल ते निघेल. रजिस्टर हा कळफलक आहे. हात लावला की पलीकडे काहीतरी घडतं.

एका कप्प्यात आठ खाचा. बहुतेक कप्प्यांत आठही खाचा वेगवेगळ्या कामाच्या असतात, म्हणून या लोकांत एक चांगली सवय लावतात. आधी पूर्ण कप्पा वाचायचा, आपली खाच तेवढी बदलायची, बाकीच्या होत्या तशा परत लिहायच्या. शेजाऱ्याचं सामान हलवायचं नाही. सभ्य माणसाची सवय.

पण धोक्याची खबर ठेवणारा कप्पा उरफाटा असतो. वास आला की चिप त्या संवेदकाच्या खाचेत एक लिहिते, आणि वास उडून गेला तरी तो एक तसाच राहतो. कुणीतरी बघेपर्यंत थांबायचं म्हणून. आणि बघितल्यावर पुसायचा कसा? तर त्याच खाचेवर आपण पुन्हा एक लिहायचं. एक लिहिलं की पुसतं. शून्य लिहिलं तर काही होत नाही. इथं जो सभ्यपणा करायला जाईल, आधी वाचेल, आपली डावी खाच बघेल, आणि शेजारणीचा एक जसाच्या तसा परत लिहील, तो शेजारणीची खबर पुसून बसेल. न बघताच. आणि उजव्या संवेदकानं एकदा हाक मारलेली असते. तो दुसऱ्यांदा मारत नाही.

पो सुआननं मुळात बरोबर लिहिलं होतं, डाव्यासाठी फक्त डावा एक. मधल्या वर्षांत, ती आईच्या उशाशी असताना, कुणा टापटिपीच्या माणसानं एका बैठकीत ढीगभर ड्रायव्हरांची साफसफाई केली होती. जिथं तिथं तीच सभ्य सवय, एकसारखी, छान दिसणारी. त्यातल्या एकाही यंत्राला त्यानं हात लावला नव्हता. सांभाळणाऱ्याला विचारायची रीत असते, पण इथं सांभाळणारं कुणी नव्हतं. अनाथाला कुणीही न्हाऊ घालतं.

आणि बर्फाच्या कारखान्यात पावसाळ्यापूर्वी कुणी दुरुस्तीवाला येऊन पेटीत नवी आवृत्ती टाकून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. अलीला म्हणाली, तू म्हणालास ते खरं होतं. आपल्या लोकांना हे वाक्य फार जड जातं, तिलाही गेलं. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, बाजारी मलायमध्ये, हातवारे करत. 

"म्हणजे पाटीवर एक लिहिला की पाटी कोरी?"

"हो. चिपवाल्यांची अक्कल."

"तावकेची पण पाटी तशीच आहे," अली म्हणाला. "तक्रार लिहायला गेलं की तक्रारही पुसते नि लिहिणाराही."

ती हसली. जेट्टीवरच्या टपरीतल्या माणसानंही वळून बघितलं इतकी मोठ्यानं.

तपासायला दोघं लागणार होती हे तिला तेव्हाच उमगलं. दोन संवेदक, एक पुढं, एक मागं, आणि दोन्हीपाशी एकाच क्षणी वास न्यायचा. एकट्या माणसाला हे जमण्यासारखं नव्हतंच. दुपारी होड्या बाहेर होत्या आणि तावके पाय चेपून घ्यायला गेला होता. अलीनं दोन बांबूंना चिंध्या बांधल्या, अमोनियाच्या पाण्यात बुडवल्या. नाकाला ओला पंचा बांधायला सांगितलं, आणि तिनं बांधला तो सोडून पुन्हा नीट बांधून दिला. आधी जुन्या ड्रायव्हरवर. तिनं कॉम्प्रेसरपाशी चिंधी धरली, त्यानं मागच्या टाकीपाशी. दारावर डावा दिवा लागला. उजवा नाही.

मग तिनं पेटीत दुरुस्त ड्रायव्हर चढवला.  पुन्हा दोघं आपापल्या जागी गेली. कॉम्प्रेसरच्या आवाजात हाक ऐकू येत नव्हती म्हणून अलीनं बांबू वर करून खूण केली.

दोन्ही दिवे लागले.

अली टाकीपाशीच उभा राहून बराच वेळ दाराकडे बघत राहिला. चिंधी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. मग येऊन म्हणाला, आता निदान कुठं पळू नये ते कळेल.

त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं, बाजू बदलून, आगेमागे धरून. त्या दुपारी पो सुआन जितकं बोलली तितकं ती आधीच्या वर्षभरात बोलली नसेल. शेवटी दोघं बर्फाच्या लाद्यांना टेकून बसली, आणि तिनं विषय काढला. नाव लागेल, म्हणाली. तू तपासलंस म्हणून तुझं नाव. ते सगळ्यांना दिसेल. तावकेला कळेल, की त्याच्या कारखान्यातल्या माणसानं पेटी बिघडली होती असं जगाला सांगितलं. आणखी कुणाकुणालाही दिसेल. तुला कुणी शोधत असेल तर त्यालाही. तुझ्याजवळ धड कागद नाहीत. नको म्हणालास तर मी काही म्हणणार नाही.

"आणि नको म्हणालो तर त्या ड्रायव्हरचं काय?"

"काढतील."

त्यानं पायाच्या बोटांनी ओल्या जमिनीवर एक रेघ ओढली. मग विचारलं, ते नाव किती दिवस राहील.

ती म्हणाली, ती सिस्टीम आहे तोवर. ज्या ज्या माणसाकडे तिची प्रत आहे त्याच्याकडे राहील. कुणाला खोडायचं म्हटलं तरी खोडता येत नाही. पुढं ड्रायव्हर काढला तरी एकदा कुणी तपासलं होतं ते राहतंच.

"आमच्याकडे नावं यादीतून काढायची पद्धत आहे," तो म्हणाला. "घालायची पहिल्यांदाच बघतोय."

"तर मग अली लिहू? अली काय?"

"अली माझं नाव नाही, आची."

अली हे तावकेचं. बर्फाला येतो तो अली. आधीचाही अलीच होता. निर्वासितांच्या कार्डावर तो कादिर आहे. टेबलापलीकडच्या बाईंनी तसं ऐकलं आणि तसं लिहिलं. दुरुस्त करा म्हणायला गेला तर पुन्हा रांगेत सगळ्यात मागं जावं लागेल म्हणाल्या. म्हणून कादिर. ही दोन्ही नावं शोधणाऱ्यांकडे आहेत. आईनं ठेवलेलं नाव कुणाकडेच नाही, कुठल्याच कागदावर चढलं नाही. गावात सगळे त्याच नावानं हाक मारायचे. ते गाव आता नाही.

"दुदू मियां," तो म्हणाला. "हे लिहा. याला पकडायला कोण येणार? याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही."

पो सुआननं लिहिलं. पत्ताही लागतो म्हणून तिनं त्याच्या फोनवर त्याच नावाची ईमेलची एक टपालपेटी उघडून दिली. पासवर्ड तो विसरेल म्हणून दोघांनी मिळून ठरवला, आणि तिनंही लक्षात ठेवला. निघताना तो म्हणाला, कुणाचं पत्र आलं तर? ती म्हणाली, येत नसतं कुणाचं. ते पत्र कसं वाचायचं ते तरी दाखवा, म्हणाला. तिनं दाखवलं. न वाचलेलं ठळक अक्षरात दिसतं. बोट लावलं की उघडतं आणि अक्षर बारीक होतं.

तिनं दुरुस्ती पाठवली. कारण लिहिलं, काय पुसलं जात होतं ते लिहिलं, आणि खाली ती ओळ. यीर्झीचं उत्तर दोन ओळींचं. दुरुस्ती उत्तम आहे. एक शंका, आमच्याकडे खरं नाव लागतं, टोपणनाव चालत नाही. हे त्या माणसाचं खरं नाव आहे का?

याला तिनं लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात खरं आणि खोटं म्हणजे काय, कार्डं कोण देतं, कुणाच्या भाजलेल्या मानेवर तुमची साफसफाई उठलीय, सगळं होतं. शिव्या म्हणता येतील असे दोन शब्दही होते. लिहून झाल्यावर तिनं ते सगळं पुसलं, आणि एवढंच पाठवलं: होय, हे त्याचं खरं नाव आहे.

दुरुस्ती सिस्टीममध्ये गेली. ड्रायव्हर राहिला. त्याच्या नावापुढचा तो शब्द जाऊन पुन्हा टिओ पो सुआन आलं. यीर्झीनं काही कळवलं नाही. ती रोज बघायची म्हणून तिला कळलं.

तिनं आपोम बांधून घेतले, गरम, नारळाचे घावन, आणि तेलुक कुंबारला गेली. क्रेटवर दुसराच माणूस बसला होता. अली कुठाय, तिनं तावकेला विचारलं.

"हा काय अली," तावके म्हणाला.

तिनं आवाज चढवला तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. जेट्टीवर धाड पडली, गाड्या भरून नेल्या, काही जण पाण्यात उड्या टाकून पळाले. तो नेला की पळाला कुणास ठाऊक. परत आला नाही. दुसऱ्याच दिवशी हा मिळाला. बर्फ काय थांबतो का कुणासाठी?

तिनं फोन लावला. बंद. घरी येऊन लावला, पुढेही लावत राहिली. मग तो नंबर दुसऱ्याच कुणा बाईला लागला. ज्या संस्था अशा माणसांचा पत्ता काढतात तिथं ती गेली, तर त्यांनी विचारलं, नाव काय. अली सांगितलं, कादिर सांगितलं. अलींची आणि कादिरांची रांग निघाली. दुदू मियां सांगितल्यावर समोरच्या पोरीनं मान हलवली. या नावाचं कुणी नाही म्हणाली.

धाड त्याच्या नावामुळे पडली नव्हती. जेट्टीवर धाडी पडतच असतात. पो सुआनला ते कळतं. तरी रात्री अंथरुणावर कळत नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा सीमेपलीकडच्या सोंगखलाच्या माशांच्या कोठारातून सुनिसा नावाच्या बाईचं पत्र आलं. तिथंही तशाच पेट्या होत्या. त्यांच्याकडे दोन ठिकाणी एकदम अमोनिया सुटला. दोन्ही दिवे लागले, म्हणून सगळे बाजूच्या दारानं बाहेर पडले, कुणाला काही झालं नाही. दुरुस्ती कुणी केली ते शोधत इथवर आले, तुम्हा दोघांचे आभार, असं तिनं लिहिलं होतं. दोघांना, म्हणून पत्र दोघांच्या पत्त्यावर होतं.

पो सुआननं आपलं पत्र वाचलं आणि उत्तर दिलं. मग दुदू मियांची टपालपेटी उघडली. तेच पत्र तिथं पडलं होतं, ठळक अक्षरात, एकुलतं एक.

तिनं त्याला बोट लावलेलं नाही. ती दुपारी जेवून वर आली की ती पेटी उघडते, लांबून बघते, बंद करते. तिनं उघडलं तर अक्षर बारीक होईल, आणि मग ते कधी बारीक झालेलं दिसलं तरी कुणी वाचलं ते कळायचं नाही. अजून तरी ते ठळक आहे.